पाहणे आणि वाट पाहणे : विपश्यनामार्गाची एक ख्रिस्ती समीक्षा

विपश्यना हा शब्द आपल्या धर्मग्रामांत आता नवा राहिलेला नाही. इगतपुरीला किंवा अन्यत्र दहा दिवसांचे शिबिर करून आलेले धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे पाहून आपल्यात साधारणतः दोन मते बोलून दाखविली जातात. पहिले मत असे की, मन रिकामे करण्याची ही विद्या ख्रिस्ती माणसास घातक होय, कारण रिकाम्या घरात कोण येऊन राहील याचा नेम नसतो. दुसरे मत असे की, ही केवळ चित्त शांत करण्याची युक्ती असून प्रार्थनेपूर्वी तिचा खुशाल उपयोग करावा. ही दोन्ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांचे मूळ एकच आहे. विपश्यनेचे साध्य म्हणजे चित्ताची शांती, असे दोघेही गृहीत धरतात. आमच्या मते हे गृहीतच चुकीचे आहे, आणि ते दूर झाल्याखेरीज या मार्गाचा ना योग्य आदर करता येईल, ना योग्य समीक्षा. प्रस्तुत लेखात ती वाट थोडी मोकळी करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते बडोद्यातील एका लहानशा वाचकमंडळामुळे. जुन्या शहरातील घडियाळी पोळीत आमच्या धर्मग्रामातील एका मराठी कुटुंबाच्या घरी उपवासकाळात काही मंडळी जमतात आणि एखादे पुस्तक मिळून वाचतात. या खेपेस त्यांनी धर्मानंद कोसंबी यांची पुस्तके निवडली. बडोद्यात ही निवड सर्वथा उचित म्हणावी लागेल. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींनी बुद्धाच्या शोधात घर सोडले, सिंहलद्वीपात १९०२ साली दीक्षा घेतली, ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला आणि परत आल्यावर कलकत्त्यास अध्यापन स्वीकारले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले ते १९०८ साली. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि मराठीत लिहावे, एवढीच अपेक्षा होती. कलकत्त्याचे वेतन याहून कितीतरी अधिक होते. ते सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये पत्करले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० सालचे त्यांचे पुस्तक म्हणजे बडोद्यास दिलेली व्याख्यानेच होत. सामान्य मराठी वाचकास मूळ पाली ग्रंथांच्या आधारे बुद्धाची ओळख झाली ती मुख्यतः या लेखणीतून.

कोसंबींच्या विद्वत्तेचा कणा म्हणजे बुद्धघोषाचार्यांचा ‘विशुद्धिमार्ग’. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेला हा ग्रंथ थेरवादी साधनेचा सर्वांत व्यवस्थित आराखडा मानला जातो. त्याच्या संपादनासाठी कोसंबी हार्वर्डला गेले, त्याची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली मुंबईत काढली आणि त्याच आधारावर ध्यानाचे विषय मराठीत समजावून देणारे ‘समाधिमार्ग’ हे छोटे पुस्तक १९२५ साली लिहिले. आमच्या वाचकमंडळाने वाचावयास घेतले ते हेच पुस्तक, आणि गोंधळ सुरू झाला तो त्याच्या नावापासून.

समाधी या शब्दाचे मराठी कानाला दोनच अर्थ ठाऊक आहेत. एक आळंदीच्या ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी, म्हणजे देह ठेवणे; आणि दुसरा देहभान हरपलेली योग्याची अवस्था. त्यामुळे बौद्ध साधकही अखेर अशाच एखाद्या निश्चल अवस्थेत लीन होऊ पाहतो, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः पालीत समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता, आणि शील, समाधी व प्रज्ञा या तीन पायऱ्यांतील ती केवळ मधली पायरी होय. विशुद्धिमार्गाच्या तेवीस परिच्छेदांपैकी पहिले दोन शीलावर, पुढचे अकरा समाधीवर आणि शेवटचे दहा प्रज्ञेवर आहेत. मार्गाचे नाव मधल्या पायरीवरून ठेवल्याने मराठी वाचकाची नजर तेथेच अडकली, हा कोसंबींच्या पुस्तकावरील आमचा पहिला आक्षेप आहे. तो आशयावर नसून नावावर आहे. पण नावेच लोकांच्या ध्यानात राहतात.

याबाबत बुद्धाच्या चरित्रातील साक्ष स्पष्ट आहे. घर सोडल्यावर गौतम प्रथम आळार कालाम आणि नंतर उद्दक रामपुत्त या दोन आचार्यांकडे राहिला. त्यांच्याकडून त्याने ध्यानाच्या अत्युच्च अवस्था शिकून घेतल्या. इतक्या की आचार्यांनी त्याला आपल्या बरोबरीचे स्थान देऊ केले. तरीही तो त्यांना सोडून निघाला. त्या अवस्थांत शांती होती, पण ध्यानातून उठल्यावर दुःखाचे मूळ जेथल्या तेथे होते. शांती हीच जागृती असती तर बोधिवृक्षापर्यंत जाण्याचे त्याला कारण उरले नसते. आपल्यातील ‘युक्ती’वादी मंडळींनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

मग विपश्यना म्हणजे काय? शब्दाचा अर्थच विशेष रीतीने पाहणे असा आहे. सतिपट्ठान सुत्तात या पाहण्याची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धर्म, म्हणजे मनाचे विषय व त्यांचे नियम. येथेही एक शब्द मराठी वाचकाला चकवतो. आपली वेदना म्हणजे दुखणे. पालीतील वेदना सुखद, दुःखद आणि या दोहोंपैकी कोणतीच नसलेली, अशी तीन प्रकारची असते. तिचे महत्त्व असे की, बुद्धाच्या कार्यकारणमालिकेत वेदनेतून तृष्णा उपजते. सुखद वेदना झाली की ती टिकावी असे वाटते, दुःखद झाली की ती जावी असे वाटते, आणि या ‘वाटण्या’तूनच पुढचा सारा बंध तयार होतो. वेदना आणि तृष्णा यांमध्ये एक बारीकशी फट आहे. सामान्य माणसाला ती दिसत नाही. साधक तेथे थांबून पाहावयास शिकतो. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातील आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून आणलेली पद्धती याच ठिकाणी भर देते. त्यांचे भारतातील पहिले शिबिर १९६९ साली मुंबईत झाले आणि इगतपुरीचे केंद्र १९७६ साली सुरू झाले. शिबिरार्थी आधी पंचशीलाचे व मौनाचे बंधन घेतो, पहिले काही दिवस केवळ श्वास पाहतो, आणि नंतर सर्व देहातील संवेदना डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने पाहत जातो. यात मन रिकामे करणे कोठेच नाही. उलट जे मनात व देहात आहे त्याची खडान्‌खडा नोंद घेणे आहे. यास्तव ‘रिकाम्या घरा’ची भीती येथे लागू पडत नाही.

या पाहण्यातून जागृती कशी येते, हे विशुद्धिमार्ग सात शुद्धींच्या क्रमाने सांगतो. ही कल्पना रथविनीत सुत्तातील आहे. पसेनदी राजाला श्रावस्तीहून साकेतास तातडीने जावयाचे असते. वाटेत सात रथ तयार ठेवलेले असतात. एका रथाने दुसऱ्यापर्यंत जावयाचे, तो सोडून पुढचा धरावयाचा, आणि सातव्या रथाने राजद्वारी पोहोचावयाचे. कोणताही रथ म्हणजे साकेत नव्हे. पण एकही वगळून साकेत येत नाही. शील हा पहिला रथ, चित्ताची एकाग्रता हा दुसरा. विपश्यना खऱ्या अर्थाने तिसऱ्यापासून सुरू होते.

तिसऱ्या शुद्धीत साधकाला दिसते की, ज्याला तो ‘मी’ म्हणतो तेथे देहाच्या व मनाच्या घटना आहेत, त्यांचा कोणी वेगळा मालक सापडत नाही. चौथ्यात त्या घटनांची कारणे दिसतात. पाचव्यात त्यांचा उदय आणि अस्त इतका स्पष्ट दिसू लागतो की, साधकाचे चित्त आनंदाने भरून जाते. प्रकाश दिसतो, अंग हलके होते, श्रद्धा उचंबळते, अपूर्व शांती व समता लाभते. आपण पोहोचलो असे त्याला वाटते. आणि येथेच बुद्धघोषाचार्य त्याला थांबवितात. या दहा गोष्टींना त्यांनी विपश्यनेचे उपक्लेश म्हटले आहे. दहावा उपक्लेश म्हणजे पहिल्या नऊंची सूक्ष्म आवड. मार्ग कोणता आणि मार्ग नव्हे ते कोणते, हे ओळखणे हीच पाचवी शुद्धी. संत इग्नेशियस यांनी आध्यात्मिक सांत्वनाची पारख करण्याचे जे नियम घालून दिले, किंवा क्रूसभक्त संत योहान यांनी दर्शनांना चिकटून राहण्याविरुद्ध जो इशारा दिला, त्याची आठवण वाचकांस येथे झाल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही परंपरांतील अनुभवी मार्गदर्शकांना माणसाची तीच दुर्बलता ठाऊक होती.

यापुढची वाट रुक्ष आहे. आता उदयापेक्षा अस्तच दिसू लागतो. जे पाहावे ते मोडते आहे, हे ज्ञान आधी भय आणते, मग दोष दाखविते, मग उबग आणि सुटकेची इच्छा उत्पन्न करते. विशुद्धिमार्गात यासाठी एका कोळ्याचा दृष्टान्त आहे. सापळ्यात हात घालून तो काहीतरी पकडतो आणि मोठा मासा मिळाला म्हणून हर्षतो. पाण्याबाहेर काढून पाहतो तो मानेवर तीन खुणा. हातात साप आहे. त्या तीन खुणा म्हणजे अनित्यता, दुःख आणि अनात्मता. आता त्याला साप सोडावयाचा आहे, पण नुसता हात उघडला तर तो डसेल. म्हणून तो त्याला गरगर फिरवून दुर्बळ करतो आणि मग दूर फेकतो. जे आपण आपले म्हणून घट्ट धरले होते तेच धोक्याचे होते, हे दिसल्यावर सोडणे हे कर्तव्य राहत नाही, ते स्वाभाविक होते. पुढे भयही ओसरते आणि संस्कारांविषयी, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टींविषयी, समतोल उपेक्षा येते. याच समतेतून एखाद्या क्षणी चित्त घडलेल्या सर्व वस्तूंवरून उठून निर्वाणाचा ठाव घेते. हा पहिला मार्गक्षण. त्यात आत्मदृष्टी, शंका आणि केवळ विधींनी शुद्धी होते हा समज, ही दहांपैकी तीन बंधने कायमची तुटतात. असा मनुष्य स्रोतापन्न, म्हणजे प्रवाहास लागलेला, होय. उरलेली बंधने पुढील तीन मार्गांत क्षीण होत जाऊन अर्हत्पदी संपतात. तेव्हा या परंपरेत जागृती म्हणजे नवे काही मिळणे नव्हे. चुकीचे पाहणे थांबणे होय. साधकाच्या प्रयत्नाने फक्त पाहण्याची तयारी होते. बंधन तुटते ते दिसल्यामुळे.

हा सारा क्रम समोर ठेवल्यावर कोसंबींविषयीचा आमचा दुसरा आक्षेप मांडता येतो. त्यांची भाषा निर्मळ आहे, चमत्कार आणि पाल्हाळ त्यांनी निर्भयपणे बाजूस सारले आहेत, आणि स्वतः साधना केलेल्या माणसाची प्रामाणिकता त्यांच्या प्रत्येक पानावर आहे. परंतु उत्तरायुष्यात, विशेषतः ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात, त्यांचे लक्ष ऐतिहासिक बुद्धाकडे अधिकाधिक वळले. गौतमाने गृहत्याग केला तो वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात होणाऱ्या शस्त्रसंघर्षाला उबगून, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्याचे सामाजिक मोल मोठे आहे. तथापि त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात बुद्ध हा प्रामुख्याने विवेकी सुधारक म्हणून ठसला, आणि त्या पाण्याच्या भांडणाचे मूळ प्रत्येकाच्या वेदनेत व तृष्णेत कसे दिसते, हा दुवा अंधुक राहिला. आज मराठी माणसाला ग्रंथात एक बुद्ध भेटतो आणि शिबिराच्या दालनात एक श्वास भेटतो. या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही.

आता आपल्या बाजूचा प्रश्न. आमच्या त्या वाचकमंडळात एक गृहस्थ आहेत. पोळीतील वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी त्यांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. शिबिरात सहाव्या-सातव्या दिवशी भावाची आठवण येताच छातीत उठणारी आग त्यांनी प्रथमच नुसती पाहिली. ती उठली, राहिली आणि गेली. पुन्हा उठली, पुन्हा गेली. परत आल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, “फादर, माझा राग आता माझा राहिलेला नाही. पण भाऊ अजून जिन्याखालच्या खोलीत आहे. आता मी काय करू?”

या प्रश्नाने दोन मार्गांमधील साम्य आणि भेद आमच्यापुढे एकदमच उभा केला. त्या गृहस्थाच्या बाबतीत विपश्यनेने जे केले ते आमच्या कित्येक वर्षांच्या उपदेशाने झाले नव्हते, हे मान्य करण्यात संकोच कसला? राग ही आपली मालमत्ता आहे, आपला न्याय आहे, अशी समजूत त्यांनी धरून ठेवली होती; ती सापासारखी हातातून सुटली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या आपल्या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते नाकारू नये असे सांगितले, ते अशाच ठिकाणी आचरावयाचे असते. परंतु राग विझणे आणि समेट होणे या दोन गोष्टी आहेत. राग एकट्याला पाहता येतो. क्षमा मात्र दोघांत घडते. बौद्ध परंपरेला हे ठाऊक नाही असे नव्हे. भिक्षू संघापुढे आपले दोष कबूल करतात, आणि शिबिराचा शेवट मैत्रीभावनेने होतो. तथापि दुःखाचा अंत हा दर्शनाने होतो असे तेथे मानले आहे. कोणा दुसऱ्याने क्षमा केल्याने नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे वेगळे आहे. आमचे पाप केवळ चुकीचे पाहणे नसून तुटलेले नातेही आहे, आणि ते नाते जोडण्यास प्रथम देवच पुढे आला आहे.

हाच भेद मराठीच्या एका साध्या वाक्प्रचारात अचूक पकडता येतो. बौद्ध साधक पाहतो. ख्रिस्ती भक्त वाट पाहतो. प्रभू येशूनेही शिष्यांना जागे राहावयास सांगितले आहे, पण गेथसेमानीतील ते जागरण एका व्यक्तीसोबतचे आहे, आणि दिवे पेटवून बसलेल्या कुमारींचे जागरण कोणाच्या तरी येण्यासाठीचे आहे. विपश्यनेचे जागरण कोणाची वाट पाहत नाही. जे आहे ते जसे आहे तसे दिसावे, एवढेच त्याला पुरते. म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणे बौद्धांवरही अन्याय करणारे आहे. त्याचप्रमाणे बौद्ध मार्ग म्हणजे स्वतःच्या बळावर मिरवलेले तारण, हा आपल्या व्यासपीठांवरचा नेहमीचा आरोपही टिकत नाही. ज्या मार्गावर ‘मी केले’ म्हणणारा मीच पहिल्या मार्गक्षणी दृष्टीतून नाहीसा होतो, आणि अहंकाराचा उरलासुरला अंशही शेवटच्या मार्गात तोडावयाचा असतो, त्यावर हा आरोप कसा करावा? संत पौलाने आपण आता जगत नसून ख्रिस्त आपल्या ठायी जगतो असे लिहिले. जुना ‘मी’ गेला पाहिजे, येथपर्यंत दोन्ही वाटा शेजारून चालतात. त्या जागी कोण, हा प्रश्न बौद्ध साधक निष्कारण म्हणून सोडून देतो; आपल्या श्रद्धेचा तर तो गाभा आहे.

मिसळण्याच्या प्रयोगांविषयीही दोन शब्द. फादर अँथनी डिमेलो यांचे ‘साधना’ हे १९७८ चे पुस्तक देहाच्या संवेदना व श्वास यांच्या जाणिवेपासूनच सुरू होते, आणि त्याने अनेकांच्या प्रार्थनेत जीव ओतला. पुढे १९९८ साली रोमहून त्यांच्या लेखनातील काही विचारांबाबत सावधगिरीची सूचना निघाली. त्याआधी १९८९ च्या ख्रिस्ती ध्यानविषयक पत्रात अन्य धर्मांतील पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून त्याज्य ठरत नाहीत, मात्र प्रार्थना हा देवाशी संवाद आहे याचा विसर पडू नये, असे सांगितले होते. आमच्या मते या पत्राचा मथितार्थ आपल्या धर्मशिक्षकांनी आत्मसात करावा.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच. कोणी शिबिरास जावयाचे विचारील तर त्याला भिववू नये, आणि ते एक प्रकारचे विश्रांतीगृह आहे असेही सांगू नये. हा शीलापासून निर्वाणापर्यंतचा एक संपूर्ण मार्ग आहे, त्यातला एकच रथ काढून आपल्या अंगणात उभा करणे हे त्या मार्गाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही, हे त्याला समजावून द्यावे. परत आल्यावर त्याला काय दिसले ते आदराने ऐकावे. आणि मग, त्याने जे सोडले त्या मोकळ्या हाताने तो कोणाचा हात धरणार आहे, हे त्याला विचारावे.

त्या गृहस्थांना आम्ही ध्यान चालू ठेवावयास सांगितले, आणि जिन्याखाली जावयासही सांगितले. राग नसताना भावाच्या दाराशी उभे राहणे रागात उभे राहण्यापेक्षा अधिक कठीण असते, कारण तेथे लपावयास काही उरत नाही. दार उघडणे न उघडणे भावाच्या हाती आहे. तेथे जे वाट पाहणे करावे लागते, ते शिकविणे हेच आपल्या पाळकीय सेवेचे काम होय.